इथे बसून वाचा

कार्डबाईंनी विजेचं बिल काचेखालच्या फटीतून आत सरकवलं. ओळखपत्राच्या खिडकीतल्या बाईने ते उलटसुलट पाहिलं आणि त्याच फटीतून बाहेर ढकललं.

"हे तुमच्या नावावर नाहीये."

"मिस्टरांच्या नावावर आहे. पत्ता तोच आहे की. पाण्याचंही आणलंय, भाड्याचा करार आणलाय. अकरा महिन्यांची सगळी बिलं आहेत, ओळीने लावलेली."

"आणि सगळी त्यांच्याच नावावर?"

"हो."

"मग त्यांनाच आणायचं ना बरोबर. ते ओळख देतील तुमची. तीन नंबरचा फॉर्म भरायचा, दोघांनी सह्या करायच्या. पाच मिनिटांचं काम."

कार्डबाईंनी बिलांची चळत सारखी केली आणि क्लिपमध्ये परत अडकवली. क्लिप जरा कडक होती, त्यामुळे वेळ लागला.

"ते नाहीत आता," त्या म्हणाल्या. "अकरा महिने झाले."

खिडकीतल्या बाईच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली होती आणि अंगठ्याला चिकटपट्टी होती. तिने एकदा कार्डबाईंकडे नीट पाहिलं, मग त्यांच्या मागच्या रांगेकडे पाहिलं.

"अकरा महिन्यांत बिल तुमच्या नावावर करून घ्यायचं, काकू. एक अर्ज द्यावा लागतो फक्त."

"राहिलं," कार्डबाई म्हणाल्या.

राहिलं नव्हतं, त्यांनी ठेवलं होतं. दर महिन्याच्या दहा-बारा तारखेला बिलं वाटणारा माणूस जिन्याखाली उभा राहून नवऱ्याचं पूर्ण नाव घेऊन हाक मारायचा आणि विचारायचा, "आहेत का?" माणूस नवीन होता, त्याला काही माहीत नव्हतं. पहिल्यांदा कार्डबाई कठड्याशी आल्या आणि खरं सांगायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तर तोंडून गेलं, "आहेत, आहेत. द्या टाकून." त्यानंतर दर महिन्याला हेच. महिन्यातून एक दिवस कोणीतरी दारात येऊन त्यांचा माणूस आहे का विचारत होतं आणि तो आहे असं त्या सांगत होत्या. दोनदा त्या वीज कार्यालयात गेल्याही होत्या. तिथल्या अर्जावर एक चौकट होती, 'जुने नाव कमी करण्याचे कारण'. दोन्ही वेळा त्या कोरा अर्ज घेऊन घरी आल्या आणि त्याच्यावर भाजी निवडली.

कार्डबाई हे नाव त्यांना वाचनालयाने दिलं. देवघेवीच्या टेबलावर त्या एकतीस वर्षं बसल्या. समोर कोणीही येवो, मान वर न करता त्या हात पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "कार्ड?" मुख्याध्यापक आले तरी तेच, स्वतःची सख्खी भाची आली तरी तेच. ज्यांच्याकडे नसायचं त्यांना पुढचं वाक्य ठरलेलं होतं: "घरी नेता येणार नाही. इथे बसून वाचा." लोक मागून नाकं मुरडायचे. कार्डबाईंना त्याचं काडीचंही वाटत नसे.

त्यांचा नवरा त्यांना भेटला तो असाच, कार्ड नसलेला. सोफा-कुशनचं काम करणारा, शर्टावर दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. डेपोच्या पलीकडे एका खोलीत सहा जण राहायचे, त्यातला एक. खोली कोणाच्या नावावर होती ते सहांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. राहण्याचा पुरावा नाही म्हणून कार्ड नाही, आणि कार्ड नाही म्हणून पुस्तक नाही.

"मग मी काय करू?" त्याने विचारलं होतं.

"इथे बसून वाचा."

तो बसला. तिच्या टेबलासमोरच्याच बाकावर बसला, चाळीस पानं वाचली, खूण म्हणून गादीच्या कापडाची एक पट्टी आत ठेवली आणि गेला. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा मागितलं, तिने पुन्हा नाही म्हटलं, तो पुन्हा बसला. तिसऱ्या खेपेला तिने इकडेतिकडे पाहिलं, स्वतःचं कार्ड काढलं आणि त्यावर पुस्तक देऊन टाकलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत तिने मोडलेला तो एकच नियम, आणि त्याच्याशीच पुढे तिचं लग्न झालं.

मतदानाला ओळखपत्र सक्तीचं करायचं असं सरकारने ठरवलं तेव्हा त्या दोघांत जे पेटलं ते विझलंच नाही. सरकार कार्डबाईंच्या पक्षाचं होतं. नवऱ्याचा पक्ष दुसरा. चाळीस वर्षं दोघं बरोबर मतदानाला जायची, एकाच रांगेत उभी राहायची, एकमेकांच्या विरुद्ध मत देऊन यायची, आणि बाहेर पडल्यावर तो म्हणायचा, "झाली फिटंफाट. आता चहा." कोपऱ्यावरच्या हॉटेलात दोन कप चहा व्हायचा. मोठ्या निवडणुकीला त्याच्याबरोबर काहीतरी गोडही.

नियम आला तेव्हा मात्र चहावर भागलं नाही. कार्डबाई त्याच्या दुकानात जाऊन बोलायच्या, कारण काम करताना त्याच्या तोंडात बारीक खिळे धरलेले असायचे आणि त्याला लगेच उत्तर देता येत नसे.

"मागच्या गल्लीतल्या शिंप्याच्या नावावर मत पडलं होतं. शिंपी जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मेलेली माणसं मत द्यायला लागली तर मग आपण कशाला जायचं?"

तो हातोडीने ठक ठक करत राहायचा.

"कार्ड दाखवायला काय जातं कोणाचं? कार्ड होतं म्हणून पुस्तकं राहिली आमची. एकतीस वर्षांत फक्त सतरा गेली."

एकदा त्याने सगळे खिळे तळहातावर काढून ठेवले.

"आणि माणसं किती गेली?"

"माणसं कुठे जातील?"

"दारातून परत. गेलेल्या पुस्तकांची यादी आहे तुझ्याकडे. गेलेल्या माणसांची आहे का? डेपोपलीकडची मतं कोणाला पडतात ते तुझ्या पक्षाला पक्कं ठाऊक आहे. मेलेल्या शिंप्याचं नाव पुढे करून जिवंत माणसं गाळायचा बेत आहे हा सगळा."

"नियम सगळ्यांना सारखाच आहे."

"बरं. मग तूच अडकशील बघ पहिली. मला सोडलं तर तुझ्या नावावर आहे काय घरात?"

त्या फणकाऱ्याने घरी आल्या. दोन दिवस अबोला झाला. त्या ओळखपत्राच्या खिडकीपुढे मी मरेपर्यंत उभा राहणार नाही, असंही त्याने वर जाहीर केलं होतं. पुढे तीन-चार महिन्यांनी तो दुकानातच गेला, अर्धी झालेली आरामखुर्ची समोर ठेवून. ज्याची होती ते गिऱ्हाईक ती तशीच घेऊन गेलं.

आणि आता तो म्हणाला होता तसंच झालं होतं. नियमाची बाजू घेऊन भांडलेल्या कार्डबाई नियमाच्या खिडकीशी अडकल्या होत्या. वाद हरल्याचं त्यांना काही वाटलं नसतं. आपण हरलो, तुमचंच खरं, एवढं त्याच्या तोंडावर सांगायला मिळालं असतं तर त्या उजळ माथ्याने हरल्या असत्या. तो कसा हसला असता तेही त्यांना ठाऊक होतं, खिळे ओठांत धरून, गाल न हलवता. ते हसू बघायला त्यांनी अशा दहा निवडणुका सोडल्या असत्या.

"काकू, मागे रांग आहे," खिडकीतली बाई म्हणाली. "शुक्रवारी शेवटचा दिवस. वॉर्ड समितीच्या सचिवांचा दाखला आणलात तरी चालतो."

कार्डबाईंचा हात पिशवीवर गेला. दाखला पिशवीत होता. कालच त्यांच्या पक्षाचा वॉर्डातला माणूस घरी येऊन देऊन गेला होता. चांगला होता बिचारा, चपला बाहेर काढून आला होता.

"तुम्ही कशाला रांगेत उभ्या राहताय, काकू? सचिव आपलाच आहे. सही-शिक्का करूनच आणलाय. 'सदर व्यक्तीस मी व्यक्तिशः ओळखतो', झालं काम."

"मला कुठे ओळखतात ते? कधी भेटही नाही."

"त्याला काय होतंय! हा नियम तुमच्यासाठी नाही हो, काकू. तो त्या लोकांसाठी."

"कोणत्या?"

"ते असतात ना..." त्याने हनुवटीने खिडकीबाहेर, डेपोच्या दिशेला दाखवलं. "तुम्हाला कळतंय ना मला काय म्हणायचंय ते."

कार्डबाईंना कळलं. त्यांनी त्याच्यासाठी भरलेला पाण्याचा पेला तसाच हातात धरून ठेवला आणि तो जाईपर्यंत पुढे केला नाही. दाखला मात्र त्यांनी टाकला नाही. असू द्यावा, म्हणून पिशवीत ठेवला.

आता, खिडकीपुढे, त्यांना त्यांच्या आधी रांगेत असलेली बाई आठवली. रुग्णालयात साफसफाईचं काम करणारी, अंगावर कामावरचाच निळा कोट. तिच्याकडे एका प्लास्टिकच्या पिशवीत बरेच कागद होते आणि त्यातला एकही चालला नव्हता. "राहायला डेपोच्या मागे," ती सांगत होती, "खोली दुसऱ्याची, त्याने तिसऱ्याला दिलेली. दुसऱ्यांदा आले मी, बाई. सारखी सारखी सुट्टी कोण देणार मला?" खिडकीतली बाई म्हणाली होती, कार्डवाला कोणी ओळखीचा असेल तर घेऊन या. ती म्हणाली होती, आमच्यात कोणाकडेच नाही. आता ती भिंतीजवळच्या बाकावर बसून आपले कागद एकेक करून पिशवीत परत भरत होती, आणि कार्डबाईंच्या डोळ्यांपुढे सहा माणसांची ती खोली आली.

त्यांनी पिशवीवरचा हात काढला.

"दाखला नाही माझ्याकडे," त्या म्हणाल्या. आयुष्यात त्या क्वचितच खोटं बोलल्या असतील. एक ते बिलवाल्यापुरतं झालं होतं आणि हे एक.

"बरं, पत्ता सांगा. टाकून तरी ठेवते, शुक्रवारी वेळ वाचेल तुमचा."

कार्डबाईंनी पत्ता सांगितला. बाईने बोटं चालवली, थांबली, डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं.

"या पत्त्यावर एक अर्ज आधीच आहे."

"कोणाचा? त्यांचा?"

"नाही. तुमच्या नावाचा आहे. अपूर्ण म्हणून पडलाय. थांबा हं."

ती उठून मागच्या कपाटाकडे गेली. रांगेतून कोणीतरी मोठ्याने सुस्कारा सोडला. बाई एक जाडजूड फाइल घेऊन आली, चिकटपट्टीच्या अंगठ्याने पानं उलटत मध्येच थांबली, आणि एक कागद बाहेर काढून काचेला आतून टेकवला.

तीन नंबरचा फॉर्म होता. ओळख देणाऱ्याचे निवेदन. वरचं नाव कार्डबाईंचं, खालचं नाव त्यांच्या नवऱ्याचं, आणि अक्षर त्याचं, कापडावर खडूने मापं टाकावीत तसं ठसठशीत आणि उजवीकडे चढत गेलेलं.

"चौदा महिन्यांपूर्वी दिलाय त्यांनी," बाई म्हणाली. "अर्जदाराची सही राहिलीय, म्हणून अडकला. तुम्ही नव्हतात का आलात बरोबर?"

कार्डबाईंनी तारीख पाहिली. बुधवार होता. बुधवारी त्याचं दुकान बंद असायचं. एका बुधवारी तो सकाळीच स्प्रिंगा आणायला म्हणून बाहेर पडला होता आणि दुपारी रिकाम्या हाताने आला होता. मिळाल्या नाहीत, म्हणाला होता. एवढा वेळ? तर म्हणाला, रांग होती. स्प्रिंगांना कुठली आलीय रांग, असं त्या म्हणाल्याही होत्या, आणि तो जेवायला बसला होता.

म्हणजे मरेपर्यंत उभा राहणार नाही म्हणालेला माणूस नियम आल्या आल्याच येऊन उभा राहिला होता. आणि घरी येऊन ताकास तूर लागू दिली नव्हती. का, तेही कार्डबाईंना तिथल्या तिथे कळलं. तो निवडणूक जवळ यायची वाट बघत होता. त्या बिलं घेऊन या खिडकीशी येतील, तोंडघशी पडतील, घरी येऊन गप्प बसतील, तेव्हा तो म्हणणार होता, चल, एक सही करायची राहिलीय फक्त. तेवढी गंमत त्याला हवी होती.

"मग करते ना मी सही," कार्डबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "आत्ता करते. द्या."

"नाही चालणार, काकू. सही करताना ओळख देणारा हजर लागतो. आणि..." ती जरा थांबली. "आणि हयात लागतो. हा फॉर्म रद्दच धरायचा आता."

"मग मला द्या तो. रद्द आहे तर."

"रेकॉर्ड आहे, देता येत नाही."

"झेरॉक्स?"

"झेरॉक्सला ओळखपत्र लागतं."

रांगेतला एक जण हसला. कार्डबाईंनाही दुसऱ्या कोणत्या दिवशी हसू आलं असतं. त्या काचेला धरून उभ्या राहिल्या.

खिडकीतल्या बाईने फॉर्मकडे पाहिलं, खालच्या ओळी बहुतेक पहिल्यांदाच वाचल्या. मग तिने कागद फटीतून बाहेर सरकवला.

"घरी नेता येणार नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "तिथे बाकावर बसून वाचा. बंद व्हायच्या आत परत द्या मला."

कार्डबाई बाकावर बसल्या. निळ्या कोटातली बाई सरकली आणि तिने जागा करून दिली. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला.

'अर्जदारास किती वर्षांपासून ओळखता?' *एक्केचाळीस.*

'ओळख कशी झाली?' *कार्ड नाही म्हणून हिने मला दोनदा परत पाठवले. तिसऱ्यांदा स्वतःच्या कार्डावर पुस्तक दिले.*

'अर्जदार सदर पत्त्यावर राहतात हे आपणास कशावरून माहीत?' *रोज संध्याकाळी मी कडी वाजवतो आणि ही दार उघडते.*

त्यांनी ते दोनदा वाचलं, मग तिसऱ्यांदा. मग त्यांना सुचलं की वाचनालयात ज्यांना पुस्तक घरी नेता येत नसे ते वही घेऊन बसत आणि उतरवून घेत. त्याला त्यांनी कधी हरकत घेतली नव्हती. त्यांनी पिशवीत हात घातला. बिलांच्या पाठी छापलेल्या होत्या. कोरी पाठ फक्त सचिवांच्या दाखल्याला होती. त्यांनी तो मांडीवर उपडा ठेवला.

"पेन्सिल आहे का हो?" त्यांनी खिडकीकडे बघून विचारलं.

बाईने अंबाड्यातली पेन्सिल काढून फटीतून दिली. निळ्या कोटातल्या बाईने ती आणून त्यांच्या हातात ठेवली.

कार्डबाई उतरवू लागल्या. प्रश्न त्यांनी सोडले, उत्तरं तेवढी घेतली. दाबून लिहीत होत्या, त्यामुळे पेन्सिलीचं टोक कागदाच्या पलीकडे, शिक्क्यात, उमटत होतं. शेवटच्या रकान्यात 'अर्जदाराविषयी अन्य माहिती' असं होतं. तिथे बहुतेक लोक रेघ मारत असणार. त्याने लिहिलं होतं:

*दर निवडणुकीत ही माझ्या विरुद्ध मत देते. तरी हिचे नाव राहू द्यावे. ही आली नाही तर मला एकट्याला जाण्यात काही अर्थ नाही.*

हे त्यांनी उतरवलं नाही. त्याची गरज नव्हती. कागदावर पाणी पडू नये म्हणून त्यांनी तो जरा लांब धरला, आणि पदराने डोळे कोरडे होईपर्यंत तसाच धरून ठेवला.

मग त्या उठल्या, फॉर्म आणि पेन्सिल परत केली.

"बिलावर नाव बदलायचा अर्ज दिला, तर त्याची पोच चालेल?"

"चालेल. वीज कार्यालय पाचपर्यंत असतं. मृत्यूचा दाखला जोडा."

"आहे बरोबर," कार्डबाई म्हणाल्या. अकरा महिने तो पिशवीच्या आतल्या कप्प्यात होता. "आणि माझं कार्ड झालं की मला दुसऱ्या कोणाची ओळख देता येईल?"

"त्याच दिवशी. एकाच व्यक्तीची पण. आणि वॉर्ड एक हवा."

कार्डबाई वळल्या. निळ्या कोटातली बाई पिशवीला गाठ मारत होती.

"डेपोच्या मागे म्हणजे आमच्याच वॉर्डात येता तुम्ही," कार्डबाई तिला म्हणाल्या. "शुक्रवारी सकाळी याल का पुन्हा?"

बाईने वर पाहिलं. "कशाला, मावशी? दोनदा आले की."

"तिसऱ्यांदा या."

तिला काही कळलं नसावं. पण ती उठून उभी राहिली.

"आधी मला वीज कार्यालयात एक काम आहे," कार्डबाई म्हणाल्या. "मग तिथून तुमची खोली दाखवा मला. बघितल्याशिवाय मी सही करत नाही."